घरच्या पांढऱ्या उंदरांच्या पिल्लांचे दूध कसे तोडावे

उपचारासाठी आणलेले शिकारी पक्षी किंवा साप यांच्या आहारासाठी घरी पांढऱ्या उंदरांची पैदास करणाऱ्याला वेत, म्हणजे एका वेळी जन्मलेली पिल्ले, जगवणे फारसे अवघड जात नाही, कारण पहिले पंधरा दिवस जवळजवळ सगळे काम मादीच करीत असते. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. पिल्ले आईपासून वेगळी केल्यानंतरच्या तीन-चार दिवसांत जी मरतुक होते, तिच्यामागे बहुधा रोग नसतो. पिल्लाला पाण्याची तोटी सापडलेली नसते, रात्री ते गारठलेले असते, किंवा दुधावर वाढलेल्या त्याच्या आतड्यांवर एकाएकी कोरड्या दाण्याचा भार पडलेला असतो. ही तिन्ही कारणे पाळणाऱ्याच्या हातातली आहेत, आणि विदर्भातल्या गावात त्यांच्या जोडीला उन्हाळ्याची झळ हे चौथे कारण येते, ज्याचा विचार दुसऱ्या हवामानासाठी लिहिलेल्या मार्गदर्शनात सापडत नाही.

शेताच्या धुऱ्यावर एवढे उंदीर असताना घरी पैदास कशाला, असा प्रश्न गावात हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर असे की वावरातल्या उंदराने झिंक फॉस्फाईडचे किंवा ब्रोमाडिओलोनचे आमिष खाल्ले आहे की नाही, हे वरून कळत नाही. ब्रोमाडिओलोनने रक्त गोठण्याची क्रिया बंद पडते, आणि ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नसल्यामुळे तो घुबडाच्या पोटात गेला की घुबडही त्याच विषाने मरू शकते. शिवाय रानउंदरांच्या अंगावरच्या चिगर माइट्स या अगदी बारीक किड्यांपासून माणसाला स्क्रब टायफस हा ताप होतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि पूर्व विदर्भाने त्याचा अनुभव घेतला आहे. एक गोष्ट आरंभीच स्पष्ट असावी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घुबड, पिंगळा, ससाणा यांसारखे देशी पक्षी किंवा नाग, घोणस, धामण, अजगर यांसारखे देशी साप घरी पाळता येत नाहीत. जखमी प्राणी सापडल्यास वन विभागाला कळवून तो उपचार केंद्राकडे सोपवावा लागतो. बॉल पायथनसारखे परदेशी साप बाळगणाऱ्यालाही आता नोंदणी बंधनकारक आहे. पुढील सर्व माहिती केवळ उंदरांच्या जोपासनेपुरती आहे.

व्यवहारात लहान पांढऱ्या उंदराला माईस आणि मोठ्याला रॅट म्हणतात. येथेही तेच शब्द वापरले आहेत. दोघांच्या पिल्लांची वाढ जवळजवळ एकाच क्रमाने होते. माईसची मादी १९ ते २१ दिवसांत आणि रॅटची २१ ते २३ दिवसांत वितते. माईसचे पिल्लू जन्मतः एक-दीड ग्रॅमचे, तर रॅटचे पाच-सहा ग्रॅमचे असते. दहाव्या दिवसापर्यंत अंगावर लव भरते, माईसचे डोळे तेराव्या-चौदाव्या दिवशी उघडतात, रॅटचे त्यानंतर एखाद्या दिवसाने, आणि सोळाव्या-सतराव्या दिवसापासून पिल्ले आईच्या खाद्याशी खेळता खेळता ते कुरतडू लागतात. नेमक्या याच सुमारास मादीचे दूध कमी होऊ लागते. दूध तोडण्याची क्रिया म्हणून एका दिवसात उरकण्याची गोष्ट नाही; मादीने ती आधीच सुरू केलेली असते आणि आपण ती फक्त पुरी करायची असते.

दिवस मोजावे की वजन पाहावे

माईससाठी २१ वा दिवस हा सर्वत्र सांगितला जाणारा आकडा आहे आणि रॅटसाठीही तोच सांगतात. प्रयोगशाळेतील समशीतोष्ण खोली, तयार गोळीखाद्य आणि एकसारख्या वेतांसाठी तो योग्य आहे. घरच्या पैदाशीत एका मादीला सहा पिल्ले असतात तर दुसरीला बारा, आणि बारा पिल्लांमधील शेवटची दोन-तीन २१ व्या दिवशी पंधरा दिवसांच्या पिल्लाएवढीच दिसतात. त्यामुळे दिवस ही फक्त पहिली अट समजावी आणि निर्णय वजनावर घ्यावा. सोनाराकडे असतो तसला लहान डिजिटल काटा, जो एक दशांश ग्रॅमपर्यंत वजन दाखवतो, या कामासाठी पुरेसा असून महाग नसतो. माईसचे पिल्लू १० ग्रॅमच्या पुढे आणि रॅटचे ४० ग्रॅमच्या आसपास असेल, तर ते निर्धास्तपणे वेगळे करता येते. आठ ग्रॅमच्या आतले माईस आणि पस्तीस ग्रॅमच्या आतले रॅट मात्र आईपाशीच राहू द्यावे, मग तारीख काहीही असो. अशा पिल्लांना २८ व्या दिवसापर्यंत वेळ दिला तरी काही बिघडत नाही.

वजनासोबत आणखी दोन गोष्टी डोळ्यांनी पाहाव्यात. पिल्लाची लेंडी कोरडी, काळपट आणि आईच्या लेंडीसारखी पण बारीक झाली असेल, तर ते दाणा पचवू लागले आहे. लेंडी अजून पिवळसर आणि चिकट असेल तर ते दुधावरच आहे. दुसरी गोष्ट पाण्याची. संध्याकाळी दिवा मंद करून थोडा वेळ उंदरांच्या टबाजवळ शांत बसले, तर कोणती पिल्ले तोटीला तोंड लावतात हे दिसते. वेतातील बहुतेक पिल्ले स्वतः पाणी पिताना दिसल्याखेरीज आईला हलवू नये, हा माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. भूक लागलेले पिल्लू एक रात्र काढू शकते. तहानलेले पिल्लू आपल्याकडच्या कोरड्या हवेत सकाळपर्यंत सुकून जाते.

या नियमाला एकच अपवाद आहे आणि तो टाळता येण्यासारखा आहे. मादी व्याल्यानंतर साधारण दिवसभरातच पुन्हा माजावर येते. नर तिच्यासोबतच राहिला असेल, तर ती दूध पाजत असतानाच पुन्हा गाभण असते आणि पहिले वेत तीन आठवड्यांचे होते तेव्हा दुसरे जन्माला येण्याच्या बेतात असते. मोठे वेत अंगावर पीत असल्यास हे बाळंतपण काही दिवस लांबते, परंतु त्यावर विसंबून राहू नये. नवजात पिल्लांवर मोठ्या पिल्लांची धावपळ झाली की ती तुडवली जातात आणि दुधावरही मोठीच हक्क सांगतात. अशा वेळी वजन काहीही असले तरी एकोणीस-विसाव्या दिवशी मोठी पिल्ले काढावी लागतात. म्हणून लहान प्रमाणावर पैदास करणाऱ्याने मादीचे पोट मोठे दिसू लागताच नर वेगळा करावा. वर्षभरात वेते थोडी कमी मिळतील, परंतु मिळणारी पिल्ले भरलेली असतील आणि मादीही अधिक काळ टिकेल.

आधीच्या आठवड्यातील तयारी

पंधराव्या दिवसापासून टबाच्या तळाशी, म्हणजे पिल्लांच्या तोंडापर्यंत येईल अशा ठिकाणी, रोज संध्याकाळी थोडे ओले खाद्य ठेवायला सुरुवात करावी. झाकणातल्या टोपलीत ठेवलेले खाद्य आईला मिळते, पिल्लांचे तोंड तिथवर पोहोचत नाही. ओले खाद्य म्हणजे नेहमीचेच खाद्य कोमट पाण्यात मऊ केलेले असावे, वेगळे काही नसावे, कारण पुढे ज्यावर जगायचे त्याचीच चव लागलेली बरी. हे खाद्य एका रात्रीत संपेल इतकेच द्यावे आणि सकाळी उरलेले काढून टाकावे. पावसाळ्यात ते काही तासांत आंबते, आणि आंबलेल्या खाद्याची हगवण या वयात पिल्लू सहन करीत नाही.

पाण्याच्या बाटलीला दोन तोट्यांची व्यवस्था करावी: एक आईच्या उंचीची आणि एक टबाच्या तळापासून साधारण दोन बोटे उंच. गोळी असलेल्या तोटीची गोळी कधी कधी घट्ट बसते, आणि मादीच्या जोराला ती हलली तरी पिल्लाच्या जिभेने हलत नाही. म्हणून बोटाने गोळी दाबून थेंब येतो की नाही हे रोज तपासावे. उलट तोटी गळत असेल तर तळ भिजतो आणि पिल्ले गारठतात. उघड्या वाटीत पाणी ठेवू नये. आधार म्हणून काकडीची चकती किंवा दुधी भोपळ्याचा तुकडा द्यावा, परंतु ज्या वावरात फवारणी झाली आहे तिथला हिरवा पाला किंवा भाजी देऊ नये.

खाद्याबद्दल थोडे विस्ताराने लिहावे लागेल, कारण प्रयोगशाळेचे गोळीखाद्य तालुक्याच्या गावी सहसा मिळत नाही आणि मग घरात जे असेल ते दिले जाते. वाढत्या पिल्लांच्या खाद्यात प्रथिने १८ ते २२ टक्के असावी लागतात, आणि नुसत्या ज्वारी-गव्हात ती जेमतेम दहा-बारा टक्के असतात. गव्हाचा भरडा ३५० ग्रॅम, ज्वारीचा भरडा २५० ग्रॅम, भाजलेले चणे १५० ग्रॅम, भाजलेले सोयाबीन १५० ग्रॅम, धुऊन वाळवलेली सुकट ६० ग्रॅम आणि दूध पावडर ४० ग्रॅम या प्रमाणात एक किलो मिश्रण केल्यास हिशेब विसाच्या आसपास बसतो. ते दाण्याच्या रूपात ठेवले तर उंदीर चविष्ट तेवढे वेचून खातात आणि बाकीचे सांडतात. म्हणून सगळे बारीक दळून, घट्ट मळून, लहान रोडग्यांसारखे गोळे करून मंद आचेवर आतपर्यंत कडक भाजावेत. त्यात मीठ किंवा तेल घालण्याची गरज नाही. कडक गोळ्यांमुळे दातही झिजतात, आणि हेच गोळे पाण्यात भिजवले की दूध तोडतानाचे मऊ खाद्य तयार होते. माईसचे पिल्लू दिवसाला तीन-चार ग्रॅम खाद्य खाते, त्यावरून किती गोळे लागतील याचा अंदाज बांधता येतो.

सोयाबीन घरचे असले तरी कच्चे कधीही वापरू नये. त्यातील ट्रिप्सिन रोखणारे घटक प्रथिनांचे पचन होऊ देत नाहीत आणि ते चांगले भाजल्यावरच निष्क्रिय होतात. गुरांसाठी आणलेली सरकीची ढेप हाताशी असते आणि प्रथिनांनी भरपूर असते म्हणून ती घालण्याचा मोह होतो. परंतु तिच्यातले गॉसिपॉल हे विषारी द्रव्य गाई-म्हशींच्या पोटात बरेचसे निष्प्रभ होत असले तरी उंदरांसारख्या एकपोटी प्राण्यांना बाधते आणि नरांची प्रजननक्षमता घटवते. पूर्व विदर्भात लाखोळीची डाळही स्वस्त मिळते. तिच्यातील विषारी अमिनो आम्लामुळे माणसाला आणि घोड्याला पायांचा लकवा होतो हे जाहीर आहे, तेव्हा रोजच्या खाद्यात ती नको. शेंगदाण्याची ढेप आणि मका जुना, काळपट किंवा कुबट वास येणारा असेल तर त्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष असण्याचा संभव असतो, आणि त्याचा पहिला फटका वाढत्या पिल्लांच्या यकृताला बसतो. कोंबडीच्या पिल्लांचे तयार खाद्य अनेक जण वापरतात. त्यात बहुधा कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या रोगाविरुद्धचे औषध मिसळलेले असते, ते उंदरामार्फत पक्ष्याच्या पोटात जाते, म्हणून पोत्यावरील मजकूर वाचल्याशिवाय ते घेऊ नये.

प्रत्यक्ष वेगळे करणे

बहुतेक ठिकाणी पिल्ले उचलून नव्या, धुतलेल्या टबात ठेवतात आणि आईला जुन्या जागी राहू देतात. माझे मत याच्या अगदी उलट आहे. जागा आईने सोडावी. पिल्लांना आपल्या घरट्याचा वास, तोटीची जागा आणि एकमेकांच्या अंगाची ऊब ओळखीची असते; आई गेली तरी या तीन गोष्टी उरल्या तर त्यांच्यावर पडणारा ताण पुष्कळ कमी होतो. जाणती मादी मात्र नव्या टबात तासाभरात स्थिरावते. याच कारणाने दूध तोडण्याच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन-तीन दिवस टब पूर्ण साफ करू नये. ओला झालेला कोपरा तेवढा काढावा. पिल्ले आईच्या लेंड्याही थोड्याफार खातात, आणि त्यातूनच पचनाला लागणारे जंतू त्यांच्या आतड्यात वसतात. सगळे चकाचक करणारा पाळक हा लाभ नकळत धुऊन टाकतो.

वेतातील दोन-तीन पिल्ले कमी वजनाची असल्यास ती आईसोबतच नव्या टबात न्यावीत. मोठी भावंडे नसल्यामुळे त्यांना दूध पोटभर मिळते, तीन-चार दिवसांत ती वजन धरतात, आणि मादीचे दूधही एकदम न तुंबता हळूहळू आटते. मादी आधीच गाभण असेल तर मात्र ही सोय वापरता येत नाही. अशा वेळी साधारण त्याच वयाचे वेत असलेल्या दुसऱ्या मादीकडे ती पिल्ले सोडावीत. लहान वयाच्या वेतात त्यांना टाकल्यास ती तिथल्या पिल्लांचे दूध पळवतात.

वेळ ऋतूप्रमाणे निवडावी. हिवाळ्यात, विशेषतः जानेवारीत, जेव्हा रात्रीचे तापमान दहा अंशांच्या खाली उतरते, तेव्हा दुपारी हे काम करावे, म्हणजे आईविना पहिली रात्र येण्याआधी पिल्लांना घरटे पुन्हा रचायला वेळ मिळतो. उन्हाळ्यात ते पहाटे करावे. हलवताना मादीला हातात घट्ट धरण्यापेक्षा पुठ्ठ्याच्या नळीत किंवा डब्यात शिरू देऊन डबाच उचलावा. तिला अनोळखी नराजवळ मात्र ठेवू नये: नुकती गाभण राहिलेली माईसची मादी परक्या नराच्या वासानेही गर्भ गमावते.

टबाविषयी एवढेच लक्षात ठेवावे की आई मावत नाही त्या फटीतून दूध तुटलेले पिल्लू सहज निसटते. अर्ध्या इंचाची जाळी माईसच्या पिल्लाला अडवत नाही. सहा मिलिमीटरची वेल्डेड जाळी लागते. ४५ बाय ३० सेंटिमीटरच्या तळाच्या टबात माईसची पंधरा पिल्ले ठेवावीत, उन्हाळ्यात दहा. तळाशी रंध्याचे जाड छिलके किंवा कागदाच्या पट्ट्या असाव्यात. आरागिरणीतला सागाचा बारीक भुसा नाकात जाऊन त्रास देतो, धानाचा तूस टोचतो, सोयाबीनच्या कुटारात काटक्या असतात. घरोघरी कापूस असतो म्हणून घरट्यासाठी तो देण्याची पद्धत आहे, ती सोडावी: सुट्या कापसाचे तंतू पिल्लाच्या पायाला गुंडाळले जाऊन आवळतात आणि पाय काळा पडून झडतो. मऊ केलेला गव्हांडा किंवा टिश्यू कागद त्याहून सुरक्षित आहे.

पहिला आठवडा

आई गेल्यानंतरच्या पहिल्या रात्री पिल्ले एका कोपऱ्यात ढिगाने झोपतात. ढीग घट्ट असेल आणि पिल्ले थरथरत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. घरट्याचे साहित्य वाढवावे आणि टबाच्या फक्त एका बाजूला कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली बाहेरून टेकवावी, म्हणजे नको असेल तेव्हा त्यांना दूर जाता येते. पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ भिजवलेला गोळा तळाशी ठेवावा, पुढचे तीन दिवस फक्त संध्याकाळी, आणि त्यानंतर कोरडे खाद्य पुरेसे होते. वजन दुसऱ्या दिवशी किंचित घटलेले दिसले तर काळजीचे कारण नाही, परंतु तिसऱ्या दिवशी ते पूर्ववत व्हायला हवे. घटतच राहिले तर पिल्लू पाणी पीत नाही असे समजून त्याला हातात घेऊन तोटीचा थेंब ओठाला लावावा. मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर ती लगेच सपाट होत नसेल तर शरीरातले पाणी कमी झाले आहे. अशा पिल्लाला मीठ-साखरेच्या फिकट पाण्याचे थेंब द्यावेत, पण ते त्याने स्वतः चाटावे, जबरदस्तीने तोंडात सोडू नयेत, नाहीतर ते फुप्फुसात जाते.

शेपटीखाली ओले, पोट फुगलेले आणि केस ताठ उभे राहिलेले पिल्लू लगेच वेगळे करावे. एकाच टबातील दोन-तीन पिल्लांना हगवण लागली तर ओले खाद्य बंद करून कोरडा गोळा आणि उकळून गार केलेले पाणी द्यावे. दोन दिवसांत उतार न पडल्यास पशुवैद्यकाला दाखवावे. गुरांची किंवा कोंबड्यांची औषधे अंदाजाने देऊ नयेत, कारण हा उंदीर पुढे दुसऱ्या प्राण्याचे अन्न होणार आहे.

नर-मादी वेगळे करण्याचे काम याच आठवड्यात आटोपावे. नराच्या गुदद्वार आणि मूत्रमार्ग यांतील अंतर मादीच्या जवळजवळ दुप्पट असते, आणि एका वेळी दोन-तीन पिल्ले शेजारी शेजारी धरून पाहिली की चूक होत नाही. नवव्या-दहाव्या दिवशी, दाट लव येण्याआधी, माद्यांच्या पोटावर सडांचे ठिपके दिसतात. तेव्हाच संख्या टिपून ठेवली तर पुढे पडताळा मिळतो. माईस पाचव्या-सहाव्या आठवड्यात वयात येऊ लागतात आणि रॅटही फार मागे नसतात, त्यामुळे माईस चौथ्या आणि रॅट पाचव्या आठवड्याच्या आत वेगळे झालेले असावेत. माईसचे सख्खे भाऊ एकत्र ठेवले तर बरे राहतात, पण मोठे झाल्यावर दुसऱ्या टबातील नर त्यांच्यात सोडल्यास रक्त निघेपर्यंत मारामारी होते. रॅट त्या मानाने समजूतदार असतात.

नवतपा आणि पावसाळा

पांढऱ्या उंदराला मानवणारे तापमान २० ते २६ अंश सेल्सिअस आहे. तिशीनंतर त्याला त्रास सुरू होतो, आणि विदर्भात मे महिन्यात, विशेषतः नवतपा म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, ४५ अंशांपर्यंत पारा जातो, तेव्हा टिनाच्या छपराखालची खोली म्हणजे पैदाशीचा शेवटच. उंदराला घाम येत नाही. तो तोंडातली लाळ अंगाला फासून थंडावा मिळवतो. पिल्ले लांब होऊन पडलेली आणि हनुवटीखाली ओली दिसली तर तो धोक्याचा इशारा समजावा, आणि ओल्या फडक्यावर ठेवून त्यांना हळूहळू थंड करावे. बर्फाचे पाणी वापरू नये. शक्य असल्यास टब कवेलूच्या किंवा धाब्याच्या खोलीत, भिंतीच्या तळाशी ठेवावेत. टिनावर तुराट्या किंवा तणस यांचा जाड थर टाकावा, खिडकीला ओले पोते लावावे आणि कुलरचा झोत थेट टबावर येऊ देऊ नये. कुलरचा आणखी एक उपयोग आहे. हवेतली आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली गेली की रॅटच्या पिल्लांच्या शेपटीला वळ्यांसारखे करकोचे पडतात आणि शेपटीचा टोकाकडचा भाग सुकून गळतो. कोरड्या उन्हाळ्यात दूध पिणाऱ्या पिल्लांना हा विकार होतो, आणि ओलावा वाढवला की तो थांबतो.

भारनियमनाचा भरवसा नसल्यामुळे एप्रिलच्या मध्यानंतर नवी वेते येणार नाहीत असा हिशेब ठेवावा, असे मी सुचवीन. फेब्रुवारीत नर लावलेल्या माद्यांची पिल्ले एप्रिल संपेपर्यंत दुधावरून सुटतात, आणि नवतप्यात टबात फक्त मोठी जनावरे उरतात. उष्णतेने नरांची प्रजननक्षमताही मंदावते, तेव्हा त्या काळात फारसे गमावण्यासारखे नसते. पावसाळ्यातले प्रश्न वेगळे आहेत: टब लवकर ओले होतात, मुताचा अमोनिया साचतो आणि दूध तुटलेली पिल्ले शिंकू लागतात. टबावर वाकल्यावर आपल्या डोळ्यांना झोंबते तोवर पिल्लांना केव्हाच त्रास झालेला असतो. मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत, कारण लाल मुंग्या एका रात्रीत अख्खे वेत संपवतात. खोलीच्या खिडक्यांनाही तीच बारीक जाळी असावी, म्हणजे उंदरांच्या वासावर येणारी धामण किंवा नाग आत शिरणार नाही आणि घरातले रानउंदीरही टबांपर्यंत पोहोचणार नाहीत. कपाशीची कीटकनाशके आणि रिकाम्या बाटल्या ज्या खोलीत ठेवल्या जातात, तिथे ही पैदास ठेवू नये. बंद डब्यातूनही वास सुटतो आणि दहा ग्रॅमच्या जिवाला तेवढा पुरतो. टब हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि भिजवलेले खाद्य कालवण्याचे भांडे स्वयंपाकघरातले नसावे.

दूध तुटलेली सगळीच पिल्ले लगेच आहारात जात नाहीत. ज्या पक्ष्याला लहान घास लागतो त्याला याच वयाची पिल्ले योग्य असतात, कारण त्यांची हाडे भरलेली असतात आणि उघड्या, केस न आलेल्या पिल्लांपेक्षा त्यांच्यातून कॅल्शियम अधिक मिळते. भक्ष्य जिवंत सोडू नये. कोंडलेला उंदीर सापाला किंवा आजारी पक्ष्याला चावून गंभीर जखम करतो, आणि उंदरालाही विनाकारण यातना होतात. मारण्याची वेदनारहित पद्धत पशुवैद्यकाकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावी. पुढच्या पैदाशीसाठी राखायच्या माद्या मात्र दूध तोडतानाच निवडाव्यात: मोठ्या वेतात वाढूनही वजन धरलेल्या, शांत स्वभावाच्या आणि ज्यांच्या आईने एकही वेत खाल्लेले नाही अशा. माईसला दहाव्या आणि रॅटला बाराव्या आठवड्याच्या आधी नर लावू नये.

राहता राहिली आई. पिल्ले सुटल्यावर दोन दिवस तिला भिजवलेले खाद्य आणि दूध पावडरचे गोळे न देता नुसता ज्वारी-गव्हाचा भरडा द्यावा, म्हणजे दूध लवकर आटते. पाणी मात्र कमी करू नये. रोज एकदा सड पाहावेत. एखादा सड लाल, गरम आणि कडक लागला तर तो सडाचा दाह असतो आणि त्यावर पशुवैद्यकाचा उपचार लागतो. इतर विश्रांती घेणाऱ्या माद्यांच्या सोबतीत तिला किमान दोन आठवडे ठेवावे, पाठीचा कणा हाताला टोचेनासा झाला आणि केसांवर पुन्हा चकाकी आली की मगच तिला नर लावावा. सहा-सात वेते झालेल्या, किंवा सलग दोन वेळा चारपेक्षा कमी पिल्ले दिलेल्या मादीला पुन्हा नर लावू नये. टबावरील कार्डावर वेताची तारीख, पिल्लांची संख्या आणि दूध तोडतानाचे सरासरी वजन लिहिलेले असेल तर हा निर्णय आठवणीवर सोडावा लागत नाही.